खापरातली पिल्ले

शके १९०९ च्या मार्गशीर्षात, थंडी पडली तेव्हाची ही गोष्ट. मिरजेच्या एका घरात काचेची टाकी होती. तीत राहणाऱ्या कोळंबीच्या अंड्यांतून तिळाएवढी पिल्ले निघाली आणि एका खापरात शिरली. खापराला तोंड एकच. बाहेर गप्पी मासा घिरट्या घालू लागला.

"मावशी," कोळंबी टाकीतल्या म्हाताऱ्या गोगलगायीला म्हणाली, "तोंडाशी बसता का? तुमचा शंख पुरेल."

"मग मी चरायचं कधी?"

"तुमचं ऋण फेडीन."

"बोलणं सोपं असतं, बाई," गोगलगाय म्हणाली. पण बसली.

मासा हसला. "म्हातारे, दाराची फळी झालीस की काय?"

"झाले. आपट डोकं."

पिल्ले मोठी होईपर्यंत गोगलगाय उपाशी बसली. मग चरायला काचेवर चढताना अशक्तपणाने सुटली आणि वाळूत उताणी पडली. तिला सरळ होता येईना. मासा तिच्या मऊ अंगाचे लचके तोडू लागला.

कोळंबी धावली. मागून तिची सारी पिल्ले आली. काहींनी माशाला अडवले, बाकीच्यांनी शंखाखालची वाळू एका बाजूने उपसली. शंख कलला आणि गोगलगाय सरळ झाली.

"मावशी, फिटलं?"

"फिटलं."