फिरवलेली वाटी

फार पूर्वी जपानमधल्या एका चहाघरात दगडासारख्या टणक मातीची एक नवी वाटी आली. भट्टीतल्या आगीने तिच्या एका बाजूवर पहाटेसारखी गुलाबी झाक उमटवली होती. तिला वाटलं होतं, पाहुणे याच बाजूला ओठ लावतील. घडलं भलतंच. जो तो तिला दोन्ही हातांनी उचलायचा, डोळे भरून पाहायचा आणि हळूच फिरवून मागच्या खरबरीत बाजूने चहा प्यायचा.

"मी आवडतच नाही कुणाला," संध्याकाळी फळीवर ती रडवेली होऊन म्हणाली. "उद्या कुणी फिरवलं ना, की सरळ हातातून निसटेन!"

"निसट की! तुकडे गोळा करायला मी काही येणार नाही," शेजारचा पाण्याचा घडा हसला.

सकाळी किकूआजी चहा प्यायला आल्या. थंडीने हात थरथरत होते, तरी त्यांनी वाटी फिरवायला घेतली.

"आजी, जड आहे ती. राहू द्या, तशीच प्या," चहा करणारी सायो म्हणाली.

"छे गं! एवढं देखणं, गुलाबी तोंड मी उष्टं करू?"

वाटी चपापली. निसटायला सैल सोडलेलं अंग तिने आवरलं. आजींचे गार ओठ मागच्या बाजूला टेकले. त्या बाजूकडे तिने स्वतःच कधी लक्ष दिलं नव्हतं. मग तिने ठरवलं, अंगात चहाची जेवढी ऊब आहे, तेवढी सगळी आता तिकडे धाडायची.