भिंतीवर नको, झाडावर नको, खांबावर नको!

"कॅमेरा भिंतीवर नको, झाडावर नको, खांबावर नको, गच्चीवर तर नकोच नको! आणि तरी बंगल्याच्या चारी अंगांना त्याची नजर पाहिजे!" हळदीचे बडे व्यापारी नानासाहेब मगदूम पायरीवर उभे राहून गरजले.

पायरीखाली कॅमेऱ्यांचा दुकानदार उन्हावर चालणारे तीन कॅमेरे मांडून बसला होता. त्याला घाम फुटला.

"मग लावू कुठं, साहेब?"

"ते मला ठाऊक असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

नानासाहेब हट्टी खरे, पण बिनकारणी हट्टी नव्हेत. भिंत नवीकोरी, राजस्थानातून आणलेल्या दगडाची; तिला भोक म्हणजे त्यांच्या काळजाला भोक. फाटकाजवळचा औदुंबर दत्ताचा. त्यात खिळा ठोकायची छाती कुणाची? खांब रोवावा तर नानासाहेबांच्या पत्नी वहिनीसाहेब आडव्या आल्या. "दारासमोर खांब? द्वारवेध होतो! लक्ष्मी आत येणार कशी?" आणि गच्चीवरून चोराचं टक्कल तेवढं दिसतं, तोंड दिसत नाही. त्यात ऊन बेटं एका जागी ठरत नाही. सकाळी फाटकाशी, दुपारी मागल्या अंगणात, उतरतीला गोदामापाशी!

हे सगळं ऐकत बंगल्याचा राखणदार केरबा खाली मान घालून उभा होता. कॅमेरा आला की केरबा जाणार, हे ठरलेलंच होतं. "कॅमेरा भाकरी मागत न्हाई, पगार मागत न्हाई, ऊन खाऊन जगतो!" असं मालक त्याला येता-जाता ऐकवत. नोकरीबरोबर फाटकाशेजारची खोलीही जाणार होती. त्या खोलीत केरबा आणि त्याची लेक हौसा अशी दोघंच राहत. या वयात बिऱ्हाड घेऊन जायचं कुठं, या विचारानं म्हाताऱ्याला घास गोड लागत नव्हता.

हौसा पुढे झाली. "मालक, तुमच्या समद्या अटी पाळून मी कॅमेरा बसवला तर?"

नानासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "दुकानदाराला जमंना, ते तू करणार? बसवून दाखव, तुझ्या आबाची नोकरी कायम! न्हाई जमलं तर उद्या सकाळी खोली रिकामी. कबूल?"

"कबूल! पण कॅमेरा मी निवडणार."

केरबानं कपाळावर हात मारून घेतला.

दुकानदारानं सगळ्यात मोठा कॅमेरा पुढे केला. "हा घे. ह्याचं पॅनेल परातीएवढं!"

हौसानं तो तळहातावर तोलला. "जड हाय."

"मग हा! पार ओढ्यापर्यंत बघतो."

"ह्यो बी जड."

"अगं, कॅमेरा घेतीस का वांगी?"

हौसानं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. तिसरा कॅमेरा लिंबाएवढा, त्याचं पॅनेल हाताच्या पंजाएवढं. तिनं विचारलं, "पावसात चालतो? अंधारात दिसतं?"

"चालतो, दिसतं, सिमकार्डावर मोबाइललाही जोडता येतो. पण इतका बारका..."

"मग ह्योच! मालक, तुमी आत जावा. मोबाइल तेवढा हातात ठेवा."

नानासाहेब आत जाऊन सोफ्यावर बसले. थोड्या वेळानं मोबाइल उजळला. आधी फाटक दिसलं. मग औदुंबर. मग गोदामाचं कुलूप, इतकं जवळून की त्यावरचा गंज मोजावा! मग मागलं अंगण आलं. तिथं वहिनीसाहेबांचे पापड वाळत होते आणि एक कावळा त्यातला एक चोचीत धरून निघाला होता.

"अगं, पापड!" नानासाहेब ओरडले.

तोच मोबाइलमधून आवाज आला, "हाड्! हाड्!" कावळ्यानं पापड टाकला आणि धूम ठोकली.

"ओरडतो पण!" नानासाहेब हरखून बाहेर धावले. मागोमाग वहिनीसाहेब. नानासाहेबांनी भिंत चाचपली. भोक नव्हतं. औदुंबराला ओरखडा नव्हता. खांबाचा पत्ता नव्हता.

"आहे तरी कुठं?"

त्यांनी मोबाइल पाहिला, तर त्यात त्यांचंच तोंड, आ वासलेलं! त्यांनी हळूच मान वर केली. समोर केरबा उभा होता. त्याच्या लाल फेट्यात, ऐन कपाळावर, कॅमेरा खोचलेला होता आणि डोक्यावर पॅनेल निवांत ऊन खात होतं.

"भिंतीवर न्हाई, झाडावर न्हाई, गच्चीवर न्हाई," हौसा म्हणाली. "ऊन जाईल तिकडं जातोय, आनि चोराचं तोंड समोरून बघतोय!"

"आणि हा झोपला तर?" नानासाहेबांनी विचारलं.

"मान पडली की मोबाइलवर नुसती जमीन दिसंल. तुमी खुशाल हाक मारा!"

"पोरी," केरबा कळवळला, "माझ्याच टकुऱ्यावर पहारा बसवलास व्हय?"

वहिनीसाहेबांना शंका आली. "पण दारासमोर हा खांबासारखाच उभा राहणार की! द्वारवेधाचं काय?"

"खांब कुनासाठी हलतोय का, वहिनीसाहेब? लक्ष्मी आली तर आबा फाटक उघडून, रामराम घालून बाजूला होतील!"

वहिनीसाहेबांनी मान डोलावली. पापड वाचल्यामुळे त्यांना निम्मं आधीच पटलं होतं.

नानासाहेबांच्या भात्यात एकच बाण उरला होता. "अगं शहाणे, पगार वाचावा म्हणून तर मी कॅमेरा आणला! आता दोन्ही पोसायचं?"

"कॅमेऱ्याला दमडी देऊ नका, मालक! त्यो ऊन खाऊन जगंल. पगार खांबाला द्या!"

नानासाहेबांनी क्षणभर डोळे वटारले आणि मग असे हसले, असे हसले, की औदुंबरावरचे कावळे उडाले. "चालता, बोलता, पापड राखणारा खांब! केरबा, तुझी नोकरी कायम, खोली कायम, आणि दर दसऱ्याला नवा फेटा माझ्याकडून! आणि हौसे, पुढच्या वेळी माझ्याशी पैज लावू नकोस, मला परवडायचं न्हाई!"

केरबाला भरून आलं. त्यानं कमरेत वाकून मुजरा घातला, आणि नानासाहेबांच्या मोबाइलवर नानासाहेबांच्याच चपला दिसू लागल्या.