तळीतले दर्शन

बारा वर्षे बोधनाथ महाराजांचा मुक्काम आंबेखोल गावी होता. वर सडा म्हणजे कातळाचे उघडे पठार, खाली भातशेती आणि शेतीच्या कडेला एक तळी, असे ते गाव. महाराज रोज पहाटे तळीच्या काठी उभे राहत. आता ते गाव सोडणार असे कळले आणि लोकांचा जीव कासावीस झाला. निदान मठाच्या भिंतीवर महाराजांचे चित्र तरी असावे, असे सर्वांना वाटले.

महाराज म्हणाले, "चित्र आमचा शाणू काढील."

शाणू चितारी लाकडी खेळणी रंगवून पोट भरणारा. हे ऐकून संस्थानचे चित्रकार अच्युतराव गालातल्या गालात हसले. ते शहरात राहून विद्या शिकले होते, आणि ती गोष्ट कुणाला विसरू देत नसत!

शाणूने आधी सडा रंगवला, मग हिरवी शेते. भिंतीच्या तळाशी, अगदी जमिनीलगत, तळी आली. काठावर महाराजांची पावले, छाटी, खांदे. पावले तर अशी उतरली की बायाबापड्या तिथे फुले वाहू लागल्या. चेहऱ्याची जागा मात्र कोरीच. आठ दिवस झाले तरी कोरीच!

अच्युतरावांनी चारचौघांत विचारले, "काय रे, बारा वर्षे सेवा केलीस आणि गुरूचे तोंड ठाऊक नाही?" लोक हसले. शाणूला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तो महाराजांपाशी जाऊन कळवळून म्हणाला, "म्हाराज, मी आजवर तुमचे पायच बघलंय. मान वर केली काय डोळे भरान येतत, मगे कायच दिसणा नाय. माझी सेवा अर्धीच ऱ्हवतली!"

"अरे वेड्या, मान वर करायला तुला सांगितलं कुणी?" महाराज प्रेमाने म्हणाले, आणि त्याच सकाळी ते गावातून निघून गेले.

आता पाहायचे तरी कुणाला? अच्युतराव कुंचला घेऊन पुढे झाले. "हो बाजूला. चेहरा मी काढतो."

शाणूने आपला कुंचला खाली ठेवला. निरोप घ्यावा म्हणून त्याने भिंतीवरच्या पावलांवर डोके ठेवले. तिथून त्याची नजर खाली रंगवलेल्या तळीत गेली, आणि तो ओरडलाच, "गावले! म्हाराज गावले!"

त्याने नुसता निळा रंग दिलेल्या पाण्यात महाराजांचे प्रतिबिंब उमटले होते! केवढी ही कृपा!

अच्युतरावांनी उभ्यानेच डोळे बारीक करून पाहिले. "उलटेसुलटे डाग आहेत झाले."

"रावसायबानु, पाण्यातला रूप उलटाच पडता," शाणू हात जोडून म्हणाला. "उभ्यान नाय गावाचे. जरा वाका."

अच्युतराव वाकले. तरी ओळख पटेना. आणखी वाकले, गुडघे टेकले. पगडी घरंगळली, कपाळ जमिनीला लागले, आणि तो हसरा चेहरा सुलटा होऊन थेट त्यांच्याकडे पाहू लागला.

"महाराज, चुकलो," एवढेच ते बोलले. बराच वेळ झाला, तरी त्यांनी डोके उचलले नाही.