शिडी धरणारी

एकदा एक विद्यार्थिनी आपल्या वृद्ध गुरुबाईंकडे घाबरीघुबरी आली. गावातल्या बायकांसाठी तिला इंग्रजीचा वर्ग काढायचा होता. एका व्यापाऱ्याने आपली रिकामी खोली देऊ केली होती, पण अट घालून: "उद्या सगळ्यांसमोर परीक्षा घेईन. चुकलीस, तर खोलीत सुपारीची पोती!"

"अडलंय कुठं?" बाईंनी विचारले.

"होल्डपाशी. होल्ड म्हणजे धरणे, मत बाळगणे, सभा भरवणे, पदावर असणे... पाठ करते नि विसरते."

बाईंनी तिच्या हातातला शब्दकोश मिटून बाजूला ठेवला. "वानरांनी माझी कौलं विस्कटलीत. मी वर चढते. तू शिडी धर."

"आत्ता? अहो बाई, उद्या परीक्षा आहे माझी!"

"धर म्हटलं ना!"

बाई चढल्या. थोड्याच वेळात शेजारच्या आंब्यावरून आलेल्या तांबड्या मुंग्या विद्यार्थिनीच्या दंडावर चढल्या आणि कडकडून चावू लागल्या. हात झटकावा, तर शिडी डळमळणार आणि वर बाई! तिच्या डोळ्यांत पाणी आले; बोटे मात्र सैल झाली नाहीत.

खाली उतरताच बाईंना तिचे सुजलेले दंड दिसले. "अगं, मुंग्या काही मी सांगितल्या नव्हत्या," म्हणत त्यांनी खोबरेल चोळले. मग विचारले, "हातात काय होतं?"

"शिडी."

"आणि धरलं होतंस कुणाला?"

तिने वर कौलांकडे पाहिले. "तुम्हाला."

"मग झालं तर! शिडी हा शब्दाचा हाताला कळणारा अर्थ, मी हा मनाला कळणारा. दुसरा जन्मतो पहिल्याच्याच पोटी. आपण धीर धरतो, तग धरतो, हट्ट धरतो. तिथं मूठ दिसते का कुठं? पण सुटू पाहणाऱ्याला सुटू न देण्याचं बळ तेच. शब्द घोकून येत नाही पोरी, तो आधी अंगावर घ्यावा लागतो. जा आता."

दुसऱ्या दिवशी खोली बायकांनी भरली. व्यापाऱ्याने मिशीला पीळ देत विचारले, "होल्ड युवर टंग! सांग, म्हणजे काय? जीभ चिमटीत धरायची?"

बायका खुदकन हसल्या. हे वाक्य तिने कधी वाचलेच नव्हते. तरी ती यादी आठवत बसली नाही. तिने व्यापाऱ्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"बोलायची उबळ येते, जीभ सुटू पाहते. तिला सुटू द्यायची नाही. म्हणजे गप्प बसायचं, शेठ."

"हं. बरोबर आहे. पण पोती ठेवायला मला—"

मागून एक कोळीण कडाडली, "शेठ, अर्थ कळला ना? मग किल्ली ठेवा नि तेवढं करा!"

खोलीभर हशा उसळला. शेठही ओशाळून हसले आणि त्यांनी किल्ली खिडकीत ठेवली.

विद्यार्थिनी फळ्याकडे वळली. मागे बायकांनी पाट्या मांडीवर घेतल्या, आणि हसू हळूहळू ओसरले.