वरचा खिळा

"फोटो मी उतरवू, का तुमी उतरवताय?"

विश्वजीत तालमीच्या दारात उभा होता. एका हातात शिडी, दुसऱ्या काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं चौकोनी काहीतरी.

दत्तोबा वस्ताद आखाड्यातली लाल माती खोऱ्यानं उकरत होते. पंच्याहत्तरी उलटली, तरी हे काम ते कुणाला देत नाहीत. मी भिंतीला टेकून बसलो होतो. माझी कुस्ती केव्हाच सुटली, बसायची सवय तेवढी राहिली.

"कुणाचा फोटो?"

"हिंदुरावाचा. दुसऱ्या कुणाचा?"

वस्तादांनी वर पाहिलं. आढ्याजवळ, सगळ्या पैलवानांच्या फोटोंच्या वर, हिंदुराव खांद्यावर गदा घेऊन हसत होता. तो फोटो लागला त्या दिवशी अख्खं गाव हलगी लावून तालमीत आलं होतं. काय दिवस होते ते! मीही नाचलो होतो.

महिन्यापूर्वी टीव्हीवर बातमी आली. हिंदुराव शहरातल्या त्याच्या तालमीतल्या पोरांना ताकदीची इंजेक्शनं द्यायचा. त्यात आमच्याच तालमीतून त्याच्याकडे गेलेल्या सुकुमारच्या दोन्ही किडन्या गेल्या. वय वर्षं वीस.

गावात दोन तट पडले. ज्यांनी हिंदुरावाला खांद्यावर मिरवलं होतं, तेच चौकातला त्याचा फलक फाडायला पुढे झाले. उरलेले म्हणत, माणूस चुकतोच, तुम्ही कुस्ती बघा. दोन्हीकडचे घसा बसेस्तोवर भांडत. सुकुमारची तब्येत कशी आहे, हे मात्र कुणी कुणाला विचारत नव्हतं.

"उतरव," वस्ताद म्हणाले.

विश्वजीत भांडायच्या तयारीनं आला होता. तो जरा गोंधळला.

"मला वाटलं, अडवशीला. तुमचा लाडका हुता त्यो."

"लाडकाच हुता..."

खोरं थांबलं.

"बारा वर्साचा आलता. थंडाईचा पेला मी धरायचो, त्यो प्यायचा. अजून पहाटं दार वाजलं की वाटतंय, हिंद्या आला."

त्यांनी खोरं पुन्हा मातीत घातलं. मला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू.

विश्वजीत शिडीवर चढला. फोटो खाली आला. मारुतीच्या दिव्याच्या धुरानं ती भिंत वर्षानुवर्षं काळवंडली होती, आणि फोटोच्या जागी मात्र पांढराशुभ्र चौकोन राहिला होता. फोटो होता तेव्हा तिकडे जेवढी नजर जात नव्हती, तेवढी आता जायला लागली.

"त्याची काळजी नको," विश्वजीत म्हणाला आणि त्यानं वर्तमानपत्र सोडलं.

आत त्याचाच फोटो होता. गेल्या जत्रेत त्यानं मोठी कुस्ती मारली, तेव्हा त्याच्या चाहत्यांनी काढलेला. चौकट अगदी त्या पांढऱ्या चौकोनाच्या मापाची. म्हणजे गडी आधी येऊन माप घेऊन गेला होता. मला हसू आलं, ते मी दाबलं.

वस्ताद हसले नाहीत.

"दिवाळीला, बातमी यायच्या आधी, सुकुमार हितं आलता. ध्यानात हाय?"

विश्वजीतनं शिडीवरूनच मान हलवली.

"काय म्हणाला त्यो?"

"...ह्यो फोटो तेवढा काढा म्हणाला. बघवत न्हाई म्हणाला."

"मग?"

"कुणी हललं न्हाई. मग सोताच शिडी लावली त्यानं. दुसऱ्या पायरीवर धाप लागली. उतरून खाली बसला."

"तवा तू काय करत हुतास?"

"जोर मारत हुतो."

"आन् मी?"

"तुमी... माती उकरत हुता."

वस्ताद मान खाली घालून उभे राहिले. मला कुणी काही विचारलं नाही. मी त्याही दिवशी भिंतीला टेकूनच बसलो होतो.

विश्वजीतच्या हातातला फोटो आता त्यालाच जड झाल्यासारखा दिसत होता.

"मग ह्यो नको लावू, वस्ताद?" त्यानं हळूच विचारलं.

"लाव की. कुस्ती मारलीयास."

विश्वजीतनं वरच्या खिळ्याकडे हात नेला.

"तितं न्हाई."

वस्ताद आखाड्यातून बाहेर आले. मातीनं माखलेलं बोट त्यांनी भिंतीवर टेकवलं, आपल्या छातीच्याही खाली. तिथं एक लाल ठिपका उमटला.

"हितं लाव. उद्या काढायची येळ आली, तर सुकुमारचा हात पोचला पायजे."