शेवंतीला आलेली हाक

भिजवलेली ज्वारी, ओठांत धरलेली.

कोष्टीआळीत एक बंद पडलेला माग.

गिरेबाज कबुतर उंच गेले की आभाळातच कोलांट्या घेते.

चाळीस दिवस.

तांदळवेढे गावी तेव्हा कांबळीमहाराज मुक्कामाला होते. गोंदा कोष्टी रोज त्यांच्या पायांवर डोके ठेवी आणि घरी जाऊन छताच्या सपाट धाब्यावर उभा राही, देशमुखांच्या कबुतरांच्या ढाबळीकडे तोंड करून. त्याची पांढरी गिरेबाज मादी शेवंती तिथे होती. ती पिलू असताना गोंदाच्या बायकोने, सोयराने, तिला ओठांनी दाणे भरवून वाढवले होते. सोयरा आदल्या वर्षी वारली. तिच्या तोंडचा घास खाल्लेला जीव आता तेवढा एकच उरला होता.

शेवंती वाऱ्याने भरकटून हैबतराव देशमुखांच्या ढाबळीवर उतरली. उतरले ते पाखरू ढाबळीच्या धन्याचे, ही शौकिनांची रीत. हैबतरावांनी तिचे पंख बांधले, आपला नर तिच्याशी जोडला, चाळीस दिवस कोंडले. अशाने पाखरू जुने घर विसरते.

"गोंद्या, आज सोडतोय बघ," ते चावडीवर हसून म्हणाले. "तुझ्या धाब्यावर बसली तर तुझी. तुझ्या बुवालाही आण, टाळ वाजवून बोलवू दे!"

महाराज गोंदाच्या धाब्यावर आले. हैबतरावांच्या थव्यात शेवंती उडाली, ठिपका झाली. थवा देशमुखांच्या ढाबळीकडे वळू लागला. गोंदाने हाक मारायला तोंड उघडले. पण हाक न मारताच तो महाराजांकडे वळला.

"महाराज, ती चालली हो!"

महाराज म्हणाले, "तू राहू दे. जिची आहे ती बोलावील."

आणि काय सांगावे! खालच्या रिकाम्या घरातून हाक आली, "ये गं बाय, ये ये ये..." आवाज सोयराचा! आळीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. शेवंती कोलांट्या घेत दगडासारखी खाली आली आणि गोंदाच्या खांद्यावर बसली. मागोमाग सारा थवा त्याच्या धाब्यावर उतरला.

गोंदाने तिच्याकडे पाहिलेही नाही. तो जिन्याच्या तोंडाशी धावला. खाली कोणी नव्हते.

"महाराज, एकदाच... अजून एकदा!"

"तेवढेच होते रे बाळा," महाराज म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

हैबतराव अनवाणी वर आले. आपली पाखरे हाकलायची सोडून त्यांनी महाराजांचे पाय धरले. मग गोंदाकडे वळले.

"चाळीस दिवस इथे कसा रे उभा राहिलास?" एवढेच विचारले, आणि त्याच्याही पायांशी वाकले.

सोयरा वारली त्या दिवशी हैबतरावांनीही सुतक पाळावे तसे आपले एकही पाखरू उडवले नव्हते.