इंग्रजी बोलणारे तीन पक्षी

एका राज्यात एके सकाळी अघटित घडले. माणसे चालत, हसत, रडत. पण कुणाच्या हातून कशाचेच काही होईना! भाकरी मोडता येईना, घागर भरता येईना. मायावी धूम्राक्षाने हातांच्या साऱ्या सकर्मक क्रिया तांब्याच्या मनोऱ्यात कोंडल्या होत्या. बाहेर तीन पक्षी इंग्रजी बोलत. त्यांची क्रियापदे सकर्मक की अकर्मक हे ओळखील त्यालाच दार मिळे. चुकेल तो दगड होई.

राजा रत्नध्वज नगरातल्या शाल्मली नावाच्या मुलीला म्हणाला, “कन्ये, इंग्रजी व्याकरण तुलाच येतं. जाशील?”

शाल्मली भित्री, मांजर शिंकले तरी दचके. पण घरी तिच्या बहिणीला, इरावतीला, चार दिवसांचे बाळ उचलता येत नव्हते. बाळ भुकेने निळे पडले होते.

“जाते, महाराज,” ती म्हणाली आणि धावतच सुटली.

मनोऱ्याच्या पायरीवर पोपट ओरडला, “स्लीप!”

“अगं बाई!” ती दचकली. मग पुटपुटली, “काय झोपायचं? कोणाला झोपायचं? छे, प्रश्नच बसत नाही. अकर्मक!”

पोपट धूर होऊन उडाला.

“ब्रिंग!” मैना किंचाळली.

“काय आणू?” तिच्या तोंडून निसटले. “हां! काय ते सांगितल्याशिवाय पुरं होत नाही. सकर्मक!”

मैनाही गेली. दारावर घुबड बसले होते. “ओपन!”

“काय उघडू? दार! सक...” तिने जीभ चावली.

“अडलीस का, बाईसाहेब?”

“थांबा की जरा! दार आपलं आपण उघडलं तर अकर्मक. मी दार उघडलं तर सकर्मक. दोन्ही!”

“शाबास. आता निवड. आपोआप उघडलं तर तू सुखरूप घरी जाशील, शाप मात्र राहील. तू उघडायचं म्हणशील तर हाताला बळ देतो. पण आत धूम्राक्ष आहे.”

शाल्मली एक पाऊल मागे सरली. बाळाचे निळे ओठ डोळ्यांपुढे आले.

“मी उघडते,” ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी दार लोटले.

आत धूम्राक्ष गरजला. ती जिवाच्या आकांताने किंचाळली, पण दार सोडले नाही. कोंडलेल्या हजारो क्रिया थव्याने उसळल्या. त्यांनी धूम्राक्षाला उचलले, फिरवले, सात समुद्रांपार भिरकावले!

त्याच क्षणी नगरात चुली पेटल्या, घागरी भरल्या. आणि इरावतीने बाळाला उचलून पदराखाली घेतले.